लायनर घालून तीन वर्षं झाली आणि पुन्हा त्याच जागी फुगवटा: दोष कुठे शोधायचा

जुन्या सांडपाण्याच्या पाइपात लायनर, म्हणजे आतून बसणारी प्लास्टिकची नवी नळी, घातला. कागदावर आयुष्य ५० वर्षं. तिसऱ्या वर्षी कॅमेरा सोडला तर तळाला कुबड आल्यासारखा फुगवटा. आतून पॅच मारला. वर्षभराने त्या पॅचच्या शेजारी, मीटरभर अंतरावर, दुसरं कुबड. पुन्हा पॅच.

ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मीच म्हणून टाकतो: ‘आणि आता ठेकेदार म्हणतोय, प्लास्टिकच ते, म्हातारं होणारच.’ समोरचा हसतो, कारण अगदी हेच उत्तर त्याला मिळालेलं असतं.

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. का, ते आधी सांगतो, कारण ते पटलं नाही तर पुढची सगळी तपासणी भलत्या वाटेने जाते.

सततच्या भाराखाली प्लास्टिक सावकाश झुकत जातं. त्याला क्रीप म्हणतात. लायनरचा नमुना साधारण १०,००० तास, म्हणजे जवळपास चौदा महिने, भाराखाली ठेवून मोजतात आणि तिथून ५० वर्षांचा अंदाज बांधतात. ५० वर्षं म्हणजे ४,३८,००० तास. चौदा महिन्यांवरून पन्नास वर्षांचं भविष्य सांगणं ही थापेबाजी वाटते, मलाही सुरुवातीला वाटायची. पण क्रीप घड्याळाच्या तासांनी चालत नाही, तो पटींनी चालतो. पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत एक घर, दहापासून शंभरपर्यंत दुसरं, शंभरपासून हजारपर्यंत तिसरं, हजारपासून दहा हजारपर्यंत चौथं. तिथून ५० वर्षांपर्यंत उरतं ते दीड घराहून थोडंसंच जास्त. तीन वर्षं पुरी होईतो क्रीपची पाऊणहून अधिक वाट सरलेली असते.

म्हणजे तिसऱ्या वर्षी वाकलेला लायनर म्हातारपणाने वाकलेला नसतो. त्याच्यात जे काही कमी होतं ते बसवल्या दिवशीच कमी होतं, किंवा त्याच्यावर जो भार आला तो कोणी हिशेबात धरला नव्हता. तपास या दोन दिशांनीच करायचा.

पाइपातच रेझिन, म्हणजे कडक झालं की प्लास्टिक होणारा द्रव, कडक करून लायनर बनवायची पद्धत एरिक वुड यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वापरली, त्यामुळे या लायनरचा अनुभव आता पन्नास वर्षांच्या पुढे गेला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डेन्व्हर आणि कोलंबस या शहरांतले ५ ते २५ वर्षं वापरातले लायनर कापून, नमुने तपासून २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यांना ते ५० वर्षं टिकू नयेत असं काही आढळलं नाही. नीट बसवलेलं प्लास्टिक टिकतं. त्यामुळे ‘प्लास्टिकच ते’ या सबबीवर मी आता वाद घालत बसत नाही, थेट लायनर बसवल्या दिवशीचा कॅमेऱ्याचा व्हिडिओ मागतो.

आधी बघा, तो फुगवटाच आहे का?

कॅमेऱ्यात तीन वेगळ्या गोष्टी जवळपास सारख्या दिसतात आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

सुरकुती ही जन्मजात असते. लायनर मूळ पाइपापेक्षा किंचित मोठा शिवला गेला, किंवा पाइप वळणावर आहे, की जास्तीचं कापड कुठेतरी दुमडतं आणि तसंच कडक होतं. कड धारदार असते, हातात धरलेल्या चुणीसारखी. ती वाढत नाही. प्रवाहाला अडत नसेल आणि कचरा अडकवत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

फोड म्हणजे आतल्या पातळ पापुद्र्याखाली शिरलेलं पाणी. फेल्टच्या, म्हणजे रेझिन शोषणाऱ्या जाड कापडाच्या, लायनरला आतून जो गुळगुळीत थर असतो तो सुटतो आणि बुडबुड्यासारखा वर येतो. दिसायला भयंकर, पण लायनरची ताकद खालच्या रेझिन भरलेल्या फेल्टमध्ये असते, पापुद्र्यात नाही. कॅमेऱ्याचं चाक वरून गेलं की फोड दबतो, फुगवटा दबत नाही.

खरा फुगवटा लांबट, गुळगुळीत, एकाच बाजूने आत आलेला असतो. गोलाच्या एका भागाने आत उडी मारलेली असते, बाकीचा गोल जागेवर. बहुतेकदा तळाला, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब तिथे सर्वांत जास्त.

खात्रीचा उपाय एकच: बसवल्या दिवशीचा व्हिडिओ काढा, त्याच मीटरवर थांबवा आणि आजचं चित्र शेजारी ठेवा. तेव्हाही होतं, तर सुरकुती. तेव्हा नव्हतं, तर फुगवटा. व्हिडिओ सापडत नाही असं दहातल्या सहा वेळा तरी ऐकतो. बिल मात्र सापडतं. ज्यांचं काम अजून व्हायचं आहे त्यांनी व्हिडिओच्या दोन प्रती घ्याव्यात आणि एक ठेकेदाराच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

लायनरला ढकलतंय कोण?

सांडपाण्याचा पाइप अर्धवट भरून वाहतो, आतून दाब नसतो. मातीचा भार जुना पाइप घेतोच आहे, भेगा पडलेला असला तरी. मग आत ढकलणारं उरलं कोण? पाणी. जुन्या पाइपाच्या भेगांतून, सांध्यांतून भूजल लायनर आणि पाइप यांच्यामधल्या फटीत येतं आणि चोवीस तास दाबत बसतं. फट केसाएवढी असली तरी चालते. पाण्याचा दाब फटीच्या रुंदीवर ठरत नाही, वरच्या पातळीवर ठरतो.

इथे एक गोष्ट आहे जी अनेक नकाशांत सापडत नाही. गळका जुना पाइप हा त्या भागाचा निचराच असतो. वर्षानुवर्षं भूजल त्याच्यात झिरपत राहिलं, म्हणून आजूबाजूची पातळी खाली राहिली. आपण लायनर घालून ती गळती बंद करतो. पाण्याला जायला वाट उरत नाही, पातळी वर चढते. कामाआधी भोक पाडून मोजलेली पातळी कामानंतर खरी राहत नाही. आराखडा करणारा मात्र तीच धरून बसतो.

मी ज्या एका लाइनीवरून हे शिकलो तिची हकीकत सांगतो. ३०० मिमी व्यासाचा जुना भाजक्या मातीचा पाइप, ६ मिमी जाडीचा पॉलिस्टर रेझिनचा फेल्ट लायनर, वाफेने कडक केलेला. पातळी कामाआधी तळापासून दीड मीटर मोजली होती. मला बोलावलं तेव्हा दोन पॅच मारून झाले होते आणि तिसरं कुबड आलं होतं. मी मॅनहोलच्या भिंतीतून लायनरच्या बाहेरच्या बाजूला पोचेल अशी बारीक नळी बसवली, तिला पारदर्शक रबरी नळी जोडून वर नेली. पाणी नळीत चढत गेलं आणि तळापासून ३ मीटरवर थांबलं. बरोबरच्या माणसाने दोनदा टेप लावून पाहिलं.

तरीही ३ मीटर म्हणजे फार नव्हे. कागदावरचा लायनर त्याहून बराच जास्त दाब झेलणारा होता. मग कोड्याचं उत्तर काय? तेच या लेखाचं मुख्य म्हणणं आहे.

सुरक्षेचा दुपटीचा हिशेब कसा खाल्ला जातो

बाहेरच्या पाण्याच्या दाबासाठी एएसटीएम एफ १२१६ या अमेरिकी मानकाच्या परिशिष्टात जे सूत्र आहे ते बहुतेक आराखड्यांमागे असतं. त्यात मुख्य गोष्टी चार: रेझिनचा ताठपणा म्हणजे मॉड्युलस, व्यासाला जाडीने भागून येणारा आकडा, पाइपाचा लंबगोलपणा आणि सुरक्षेचा गुणक, जो सहसा २ धरतात. जुना पाइप लायनरला भोवतीने धरून ठेवतो, म्हणून ताकद सातपट धरायची मुभा आहे. मॉड्युलस किमान १,७२४ मेगापास्कल हवा आणि ५० वर्षांच्या क्रीपसाठी त्यातला निम्माच, म्हणजे ८६२, धरायचा असा रिवाज आहे.

आपल्या लाइनीचे आकडे घाला. व्यास ३००, जाडी ६, म्हणजे भागाकार ५०. लंबगोलपणा आराखड्यात २ टक्के. उत्तर येतं सुमारे ४७ किलोपास्कल, म्हणजे ४.८ मीटर पाणी. हे सुरक्षेचा गुणक लावून. गुणक काढला तर लायनर वाकायला ९.६ मीटर पाणी लागावं. आणि बाहेर होतं ३ मीटर.

मग आम्ही फुगवट्याच्या कडेचा तुकडा रोबो कटरने कापून वर आणला. हातावर ठेवून कॅलिपर लावला: तळाच्या बाजूला ४.८ मिमी. पापुद्रा सोडून. ६ मिमी हा आकडा मॅनहोलच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याचा होता, जिथे रेझिन भरपूर असतं. मधल्या सांध्यातून कामाच्या वेळी भूजल आत येत होतं, आणि वाहतं पाणी न कडकलेलं रेझिन धुऊन नेतं. पाणी येत असेल तर आधी बाहेरून पातळ पिशवी घालतात किंवा सांधा बुजवतात. इथे दोन्ही झालं नव्हतं.

जाडी ६ वरून ४.८, म्हणजे पाचवा हिस्सा कमी. पण सूत्रात जाडी घनाने येते. ९.६ मीटरचे झाले ४.९. नुसत्या एवढ्यावरच सुरक्षेचा अख्खा गुणक गेला.

मग पाइपाचा आडवा-उभा व्यास मोजला. त्या जागी पाइपाला चार भेगा होत्या, चारही तुकडे थोडे बसले होते. लंबगोलपणा २ नव्हे, ६ टक्के. ४.९ चे ३.४.

शेवटी तुकड्याची प्रयोगशाळेत वाकवून चाचणी केली. मॉड्युलस साधारण १,३००. रेझिन पुरतं कडकलं नव्हतं. ३.४ चे २.६ मीटर.

बाहेर ३. लायनर वाकला.

यातली कुठलीही एक चूक एकटी आली असती तर लायनर तगला असता आणि कोणाला कधी कळलंही नसतं. माझ्या अनुभवात एकटी चूक फार क्वचित येते. जिथे पाणी शिरतं तिथेच पाइप मोडका असतो, तिथेच रेझिन धुतलं जातं, आणि तिथेच ते थंड पडून कच्चं राहतं. दुखण्यांनी एकमेकांना बोलावून घ्यावं तसं.

म्हणून पॅचने काम होत नाही. पॅच त्या ६० सेंटीमीटरमध्ये जाडी वाढवतो. पाणी तिथेच आहे, शेजारचा मीटर तितकाच पातळ, तितकाच कच्चा आहे. दाब आपला पुढच्या कमजोर जागी जातो.

तळच का कच्चा राहतो

वाफेने कडक करताना वाफेचं पाणी होतं आणि ते तळाला साठतं. पाइपाला कुठे झोळ असेल तर तिथे डबकंच होतं. वरच्या बाजूला रेझिन मस्त तापतं, तळाला डबक्याखाली कोमट राहतं. बाहेरून गार भूजल खेटून असेल तर उष्णता ते ओढून घेतं. गरम पाण्याने कडक करतानाही गरम पाणी वर आणि गार खाली असाच थर लागतो, पंप मंद असेल तर जास्तच.

आमच्या लाइनीच्या बसवल्या दिवशीच्या व्हिडिओत, त्याच मीटरवर, कॅमेऱ्याची चाकं पाण्यात बुडताना दिसतात. तिथे झोळ होता. व्हिडिओ तीन वर्षं सगळ्यांकडे होता.

तपमानाचे तक्ते मागा. त्यात तापमापी कुठे लावले होते ते बघा. दोन्ही मॅनहोलच्या तोंडाशी लावलेले आकडे नेहमीच सुंदर असतात. तळाला, लायनर आणि जुना पाइप यांच्यामध्ये तापमापीची तार घातली असेल तरच त्या आकड्याला अर्थ. तीच गोष्ट नमुन्याची: मॅनहोलमध्ये साच्यात कडक केलेला नमुना म्हणजे परीक्षेला बसवलेला हुशार मुलगा. वर्गाची हालत त्यावरून कळत नाही.

कच्चेपणाची घरगुती पारख: तुकडा कापताक्षणी नाकाला झोंबणारा स्टायरिनचा वास भपकन आला तर संशय घ्या. बारकोल कडकपणाची सुई लावायची तर आधी पापुद्रा सोलून काढा, आणि एका जागी नव्हे, दहा-बारा जागी टोचा, कारण फेल्टमध्ये आकडे खूप वरखाली होतात. दावा ठोकायचा असेल तर मात्र वाकवण्याची चाचणी आणि डीएससी (नमुना तापवून त्यातली उष्णतेची देवघेव मोजणारी चाचणी) यांना पर्याय नाही. डीएससीत नमुना तापवताना त्यातून नव्याने उष्णता बाहेर पडली, तर त्याचा अर्थ रेझिनची प्रक्रिया अर्धीच झाली होती.

अतिनील दिव्याने कडक होणाऱ्या काचतंतूंच्या लायनरमध्ये पाण्याचा हा घोळ कमी, पण दिव्यांची गाडी घाईने ओढली की बाहेरचा थर कच्चा राहतो. तिथे दिव्यांच्या वेगाची नोंद मागा.

दुरुस्तीत काय करावं, काय टाळावं

फुगवटा व्यासाच्या थोड्याच टक्क्यांचा आहे आणि प्रवाह चालू आहे, अशा वेळी घाई करू नका. खुणेची जागा ठरवा, सहा महिन्यांनी त्याच मीटरवर, त्याच कॅमेऱ्याने पुन्हा मोजा, आणि दोन्ही मोजण्यांतली एक भूजल सर्वांत वर असण्याच्या काळात येऊ द्या. कोरड्या दिवसांत घेतलेला व्हिडिओ आजाऱ्याला ताप उतरल्यावर तपासल्यासारखा असतो.

वाढतो आहे असं दिसलं तर पहिली चूक जी मी होताना पाहिली आहे ती ही: ‘मागे पोकळी आहे ना, मग ग्राउट भरा.’ फटीत ग्राउट, म्हणजे पोकळी बुजवणारं पातळ मिश्रण, दाबाने भरणं म्हणजे आधीच आत येऊ पाहणाऱ्या लायनरला बाहेरून आणखी ढकलणं. ३ मीटर पाण्याने वाकलेल्या लायनरवर पंपाने १ बार, म्हणजे १० मीटर पाण्याएवढा दाब दिला तर काय होईल? एका ठिकाणी सकाळी कुबड होतं, दुपारी अख्खा पाइप बंद झाला. भरायचंच असेल तर लायनर आतून पाण्याने भरून दाबाखाली ठेवा, ग्राउट पातळ ठेवा, टप्प्याटप्प्याने घाला, आणि दाबाची मर्यादा वरच्या सूत्रातून काढलेल्या आकड्याच्या आत राहू द्या. सिमेंटचा ग्राउट घट्ट होताना तापतो. एचडीपीई (एक प्रकारचं पॉलिथिलीन) आणि पीव्हीसीचे लायनर त्या उष्णतेने मऊ पडतात, हेही लक्षात असू द्या.

योग्य क्रम असा: बाहेरचं पाणी तात्पुरतं खाली घ्या, शेजारी विहीर घेऊन पंप लावा. मगच कुबड कापा. पाणी खाली न घेता कापलंत तर भोकातून पाणी आणि माती दोन्ही आत येतात, आणि वर रस्ता बसतो. सांध्यातलं वाहणं रासायनिक ग्राउटने थांबवा. मग एक मॅनहोल ते दुसरा मॅनहोल असा पूर्ण लांबीचा नवा लायनर, जाडी प्रत्यक्ष मोजलेल्या पातळीवरून आणि प्रत्यक्ष मोजलेल्या लंबगोलपणावरून काढलेली. तुकड्यातुकड्याने केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भेटू.

दाबाच्या लाइनीत हाच आजार, वेगळ्या वेषात

पाणी नेणाऱ्या दाबाच्या पाइपात आतून दाब असतो, त्यामुळे लायनर बाहेर ढकललेला राहतो आणि सगळे निर्धास्त असतात. मग वीज जाते, पंप एकदम थांबतो. पाण्याचा लोंढा पुढे निघून जातो, मागे निर्वात होतं. पुरं निर्वात झालं तर बाहेरून आत येणारा दाब १०१ किलोपास्कल, म्हणजे १०.३ मीटर पाण्याएवढा. वरच्या हिशेबातला ६ मिमीचा लायनर, क्रीप न धरता आणि सुरक्षेचा गुणक लावूनही, ९४ च्या आसपास येतो. तोही जुन्या पाइपाला घट्ट चिकटलेला असेल तर. सैल लायनरला तो सातपटीचा आधार मिळत नाही.

या प्रकारात कुबड हळूहळू येत नाही, एका रात्रीत येतं, आणि उंचवट्याच्या जागी येतं. तक्रार अशी असेल तर लायनर तपासण्याआधी जवळचा एअर व्हॉल्व्ह उघडून बघा. गंजून चिकटलेला निघण्याची शक्यता मोठी. व्हॉल्व्ह न बदलता लायनर बदलला तर तोही पडेल.

तेल-वायूच्या पोलादी लाइनीत एचडीपीई लायनर घालतात तिथे ढकलणारा आणखी एक जण असतो. वायू प्लास्टिकमधून थोडाथोडा झिरपतो आणि पोलाद व लायनर यांच्यामध्ये साठतो. लाइन चालू आहे तोवर दोन्हीकडे दाब सारखा. देखभालीसाठी लाइनीचा दाब झपाट्याने उतरवला की आतला दाब जातो, मागे अडकलेला वायू तसाच राहतो आणि लायनर आत कोसळतो. यासाठी टोकांना व्हेंट, म्हणजे वायू बाहेर सोडायच्या वाटा, ठेवलेले असतात. ते ठरावीक मुदतीने उघडायचे आणि दाब सावकाश उतरवायचा. व्हेंटमधून वायूऐवजी द्रव यायला लागलं तर लायनरला भोक पडलं असं समजा.

फुगवटा नाही, पण पाणी येतंय

हे सोपं आहे. लायनर स्वतः गळत नाही, त्याच्या मागून वाट काढून पाणी टोकांशी किंवा घरजोडण्यांच्या भोकांशी बाहेर येतं. मॅनहोलच्या तोंडाशी फुगणाऱ्या रबराची कडी बसवली होती का, घरजोडण्यांवर टोपीसारखे लायनर बसवले होते का, एवढं विचारा. घरजोडणीचं भोक अर्धं झाकलेलं दिसलं आणि पहिल्या व्हिडिओत ते पूर्ण उघडं असेल, तर लायनर लांबीने आकसला आहे. पुरता थंड होण्याआधी भोकं कापली की असं होतं.

एचडीपीईमध्ये हे प्रकरण फारच मोठं. एका अंशाला मीटरमागे साधारण ०.२ मिमी. उन्हात तापलेला १०० मीटर पाइप आत ओढला आणि तो २० अंशांनी निवला तर ४०० मिमी आकसतो. हातभर! ओढल्या दिवशीच टोकं कापून जोडणाऱ्यांच्या जोडण्या सुटतात त्या यामुळे. एक रात्र तरी पाइपाला निवू द्यावं.

आणि खरंच म्हातारपण असतं तेव्हा

असतंही, पण त्याच्या खुणा वेगळ्या. पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन पॉलिथिलीनमधली संरक्षक द्रव्यं हळूहळू संपवतं, मग आतला पृष्ठभाग ठिसूळ होऊन बारीक तडे जातात. तडे दिसले तर नमुन्याची ओआयटी चाचणी करा, किती संरक्षण उरलं आहे ते त्यातून कळतं. कारखान्यातून गरम, अल्कधर्मी पाणी येत असेल तर साधं पॉलिस्टर रेझिन त्यात झिजतं, तिथे व्हिनाइल एस्टर हवं होतं. तेलकट द्रवात पॉलिथिलीन फुगतं आणि मऊ पडतं. बसवताना खोल ओरखडा पडलेल्या एचडीपीईमध्ये त्याच रेषेत वर्षांनंतर तडा उघडतो. ओरखडा भिंतीच्या जाडीच्या दहाव्या भागाहून खोल असेल तर तो पाइप ओढूच नये, हा जुना नियम आहे आणि साइटवर तो सर्वांत आधी विसरला जातो. साफसफाईची दाबाची नळी एकाच जागी धरून ठेवल्याने फाटलेला पापुद्राही म्हातारपणाच्या खात्यात जमा केला जातो. त्याची कड ताजी, फाटलेली असते, आणि तो नेमका मॅनहोलपासून नळी पोचते तेवढ्या अंतरावर असतो.

यातल्या कशानेही तळाला गुळगुळीत कुबड येत नाही.

आमच्या त्या लाइनीत शेवटी ७.५ मिमीचा पूर्ण लांबीचा लायनर आतून घातला. व्यास थोडा गेला, ते मान्य केलं. कडक करताना झोळातलं पाणी शोषून काढायला वेगळी नळी ठेवली आणि तळाला तापमापीची तार. दोन्ही जुने पॅच खालीच आहेत. मॅनहोलच्या भिंतीतली ती बारीक नळी मी काढू दिली नाही. भूजल सर्वांत वर असण्याच्या मोसमात तिच्यातलं पाणी ३.१ मीटरवर होतं आणि कॅमेरा त्या मीटरवरून, चाकं कोरडी ठेवून नव्हे पण, सरळ पुढे गेला. झोळ अजून आहे, तो लायनरने जाणारही नव्हता.